रेवाने सोडलेल्या गोष्टींची यादी

हे लिहिण्याआधी मी रेवाला विचारलं. ती म्हणाली, "लिही. पण मला देवी करू नकोस आणि वेडीही करू नकोस." लिहून झाल्यावर तिलाच आधी वाचायला दिलं. तिने दोन वाक्यं खोडली आणि एका ठिकाणी स्वतःच्या हाताने काही ओळी वाढवल्या. त्या कुठल्या, ते जागेवर सांगेन.

मी डॉक्टर नाही, शाळामास्तरीण आहे. नंदुरबारजवळच्या रनाळ्याची मुलगी, लवकर विधवा झाले, शिकले आणि नंदुरबारला मुलींच्या शाळेत लागले. मला याद्या करायची सवय आहे. वाण्याची यादी, धोब्याची यादी, कुठल्या मुलीची वही तपासायची राहिली त्याची यादी. यादी केली की काम निम्मं झालं असं मला वाटायचं. या प्रकरणात माझ्या यादीनेच घात केला, म्हणून त्या यादीपासूनच सुरुवात करते.

खिळ्यावरचा कागद

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. रेवा आणि मी एकाच शाळेत होतो आणि एकाच घरात भाड्याने राहत होतो. घर हमीदाबींचं. पुढे त्यांचं बिऱ्हाड आणि त्यांच्या मियाँचं रजया भरायचं दुकान, मागे आमच्या दोन खोल्या. मधल्या अंगणात त्यांची बकरी बांधलेली असायची, चांदनी नावाची.

रेवा माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. तापीकाठच्या गुजर घरातली. घरी कापूस, केळी, ऊस. लग्न झालं होतं, पण नवऱ्याने दुसरी केली आणि हिला माहेरी आणून सोडलं. तिचं शिक्षण आणि नोकरी भावामुळे झाली. ती मला ताई म्हणायची आणि माझ्यावर सख्ख्या बहिणीसारखी डाफरायचीही.

आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला एक कागद लटकलेला असे. कोणत्या वारी कोणाचा उपवास, त्या दिवशी काय आणायचं, हे मी त्यावर लिहून ठेवत असे. मला सोमवार आणि एकादशी. रेवाला सोमवार, एकादशी, चतुर्थी, मग गुरुवार, मग शनिवार. मी प्रत्येक वार ओळीने लिहिला आणि भगर, बटाटे, राजगिरा वेळेवर आणून ठेवला.

आषाढात ती म्हणाली, "ताई, चातुर्मासाचा नेम धरते. मीठ सोडते."

आमच्याकडे बायका असा नेम धरतात. चार महिने एखादा जिन्नस सोडायचा, कार्तिकात उद्यापन करायचं आणि तो जिन्नस पुन्हा ताटात घ्यायचा. मी कागदावर नवीन रकाना आखला. वर लिहिलं: सोडलं. खाली लिहिलं: रेवा, मीठ.

श्रावणात तिने पालेभाजी सोडली, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात डाळ. हेही शास्त्राला धरूनच होतं. एकेका महिन्याला एकेक वस्तू सोडायची, महिना सरला की आधीची सुरू करायची. मी प्रत्येक वस्तू नीट अक्षरात लिहिली. माझ्या बहिणीला पत्रातही कळवलं की माझ्याबरोबर राहणारी मुलगी फार नेमधर्माची आहे.

सगळ्यांना वाढणारी

रेवासारखा स्वयंपाक मी पाहिला नाही. रविवारी शाळेतल्या बाया जेवायला यायच्या. ती पहाटेपासून चुलीशी असायची. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, शेवेची भाजी. आग्रह तर असा करायची की बायांना उठता येऊ नये.

"तूही बैस ना गं," कोणी म्हटलं की उत्तर ठरलेलं: "चाखता चाखताच माझं पोट भरलं," किंवा, "तुमचं होऊ द्या, मी मागून जेवते."

यात संशय घेण्यासारखं काय होतं? माझी आई मागून जेवायची, आजीही मागूनच जेवायची. आमच्या भागात घरातल्या बाईला जेवताना कोणी पाहिलेलं नसतं. मागून जेवणारी बाई खरंच जेवते की नाही, हे बघायची पद्धतच नाही. मी तर सगळ्यांत व्यवस्थित बाई. मी हात धुऊन वह्या तपासायला बसायची.

दिवाळीला तिच्याबरोबर तिच्या गावी गेले. तोवर तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या होत्या. मला वाटलं होतं, आई पाहील आणि ओरडेल. झालं उलटंच. शेजारच्या बायका तिच्या पाया पडायला आल्या.

"मन्ही पोर तप करी ऱ्हायनी," तिची आई जिवीबाई येईल तिला सांगत होती. "मीठबी नही खास."

एका म्हातारीने आपल्या सुनेला पुढे ढकललं. "पाया पड व तिन्हा. शिक काहीतरी. तुले तर दोनदा वाढनं पडस."

सगळ्या हसल्या. रेवाही हसली. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान होतं, ते मी भक्तीचं समजले.

रोजे आणि रजई

पहिला संशय मला आला नाही, हमीदाबींना आला. त्या वर्षी रमजान थंडीच्या अखेरीस आला होता. एक दिवस संध्याकाळी मी अंगणात कपडे काढत होते. त्या ओट्यावर खजुराची ताटली घेऊन बांग व्हायची वाट बघत बसल्या होत्या.

"मास्तरनीबाई, एक बात बोलूँ? बुरा नहीं मानना."

"बोला ना."

"मेरा रोजा है. दोपहर से मेरी नजर सूरज पर है, कब डूबे और कब पानी पिऊँ. भूखा आदमी राह देखता है. ये रेवाबेन का कैसा उपास है? ये तो राह ही नहीं देखती."

मी म्हटलं, तिची श्रद्धा मोठी आहे.

"श्रद्धा मेरी भी है," हमीदाबी म्हणाल्या. "पर उपास छूटने का टाइम आता है ना, तो उसका मुँह ऐसा होता है जैसे कोई मारने आ रहा हो."

मला राग आला. आपल्या धर्मातलं यांना काय कळतं, असंही मनात आलं. हे लिहायला लाज वाटते, पण आलं खरं.

होळी झाली. नंदुरबारचं ऊन तुम्हाला माहीत असेल. होळीनंतर अंगावर पदर सहन होत नाही. त्या उन्हात रेवा दुकानात गेली आणि रजई भरायला टाकून आली. हमीदाबींचे मियाँ कापूस पिंजता पिंजता मला म्हणाले, "तीस बरस से धंधा कर रहा हूँ. इस मौसम में रजई भरवानेवाली ये पहली गाहक है."

त्याच आठवड्यात हमीदाबींनी मला हाताला धरून बकरीपाशी नेलं. चांदनी फुगून ढोलकीसारखी झाली होती.

"ये देखो. मैं इसको दो मुट्ठी पाला डालती हूँ. दो मुट्ठी से कोई ऐसा होता है? मेरी बकरी मोटी हो रही है, और तुम्हारी बेन सूख रही है. अब जोड़ लो हिसाब, तुम तो मास्तरनी हो."

बकरीच्या पुढ्यात भाकरीचा तुकडा पडला होता. तो मी सकाळी रेवाच्या डब्यात घातला होता.

जो रकाना नव्हता

मी आत गेले आणि खिळ्यावरचे कागद काढले. जुने कागद मी फेकत नाही, त्याच खिळ्याला मागे अडकवून ठेवते. आषाढापासूनचे सगळे जमिनीवर पसरले. मीठ. पालेभाजी. दही. दूध. डाळ. त्याच्या खाली, चातुर्मास संपल्यानंतरचं, माझ्याच अक्षरात: गूळ, तेल, भात. कधी तिने सांगितलं, कधी मी लिहिलं, मला आठवेना. कार्तिकी एकादशी होऊन चार महिने झाले होते. उद्यापन झालंच नव्हतं. प्रत्येक कागदावर 'सोडलं' असा रकाना होता. 'पुन्हा धरलं' असा रकाना मी एकदाही आखला नव्हता.

आता मागे वळून पाहिलं की बाकीचंही दिसतं. तिचे केस कंगव्यात गुंता होऊन यायचे. पाळी बंद झाली होती, आणि ती म्हणायची, बरं झालं, कटकट गेली. दुसऱ्याच्या पानात काय आहे याकडे तिचं बारीक लक्ष असायचं. कोणी "किती वाळलीस" म्हटलं की ती सुखावायची, आणि "आज बरी दिसतेस" म्हटलं की दिवसभर घुम्यासारखी बसायची. यातलं एकेक सुटं पाहिलं तर काहीच नाही. मी प्रत्येक गोष्ट सुटी सुटीच पाहिली.

ती शाळेतून आली तेव्हा कागद तसेच पसरलेले होते.

"हे काय?" तिने विचारलं.

"तूच सांग."

तिने कागद गोळा करायला घेतले. मग म्हणाली, "ताई, घरी कळवलंस तर मी जन्मात तुझ्याशी बोलणार नाही."

"मग जेव."

"जेवते."

मी विश्वास ठेवला. माझी दुसरी चूक ही. पुढचे काही आठवडे मी तिच्यासमोर बसून तिचे घास मोजले. रडले, शपथा घातल्या, एकदा तर ताट आपटलं. ती भाताचं एकेक शीत वेगळं करत बसायची आणि मी घड्याळ बघत बसायची. दोघी थकून जायचो. एका दुपारी मी तिला म्हटलं, "मर मग एकदाची." ते वाक्य मी खोडलेलं नाही. रेवानेही खोडलं नाही.

तिने वाढवलेल्या ओळी इथल्या आहेत: "मला भूक लागत नव्हती असं नाही. भूक लागली की भीती वाटायची. घास परतवला की भीती जरा वेळ जायची आणि मग आधीपेक्षा मोठी होऊन परत यायची. माझं लग्न, माझं माहेरी येणं, माझी नोकरी, सगळं दुसऱ्यांनी ठरवलं होतं. एवढं एकच माझ्या हातात आहे असं मला वाटायचं. नंतर तेही माझ्या हातात राहिलं नव्हतं, हे मला कोणाला सांगता येईना."

तार

उन्हाळ्याच्या सुट्टीला आठवडा उरला असताना ती वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता पडली. मुली किंचाळत माझ्या वर्गात आल्या. मी तिला उचललं. माझ्यासारख्या बाईने एकटीने उचललं, म्हणजे बघा.

ती शुद्धीवर आली आणि पहिलं काय म्हणाली, तर, "कळवू नकोस."

मी पोस्टात जाऊन तार केली. काउंटरवर फॉर्म भरला. मला माहीत होतं की मी मैत्री मोडते आहे. पण मैत्रीण राहिली तर पुढे मैत्रीचं बघता येईल, असं मनाशी म्हटलं आणि फॉर्म आत सरकवला.

भाऊ नगीन आणि जिवीबाई दुसऱ्या दिवशी आले. नंदुरबारच्या डॉक्टरांना क्षयाची शंका होती. छातीचा फोटो काढला. क्षय नव्हता. नगीनने तिथल्या तिथे नारळ फोडला.

"क्षय नही ना? मंग काय शे?" त्याने विचारलं. डॉक्टरांनी हात वर केले आणि सुरतेला न्या म्हणाले.

मी नगीनला बाजूला घेऊन खरं सांगितलं. तो भडकला. "मास्तरीणबाई, आमना घर काय कमी शे? केळीस्ना घड सडी ऱ्हायनात, आन् मन्ही बहीन भुकी मरी ऱ्हायनी आसं लोकेस्ले सांगू?"

जिवीबाई म्हणाली, "बाहेरनं काहीतरी लागेल शे. आपू भगतकडे जाऊत." मग माझ्याकडे वळली. "तू तिन्हाजोडे ऱ्हास ना व बाई? दोन डोया शेत ना तुले? तुले दखायनं नही?"

मला दिसलं होतं, मी लिहूनही ठेवलं होतं.

मी कागदांची गुंडाळी नगीनच्या हातात दिली. तो दुकानदाराशी व्यवहार करणारा माणूस, त्याला कागद वाचता येतो. उभ्या उभ्या त्याने सगळे वाचले. मग आईला म्हणाला, "भगत नही. सुरत."

सुरत

तापी लाइनच्या पॅसेंजरने गेलो. रेवा खिडकीशी रजई पांघरून बसली होती, आणि डब्यातले लोक उन्हाने पंखे हलवत तिच्याकडे बघत होते. ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, सगळ्यांना बाहेर काढलं आणि तिच्याशी बराच वेळ बोलल्या. मग मला आत बोलावलं. माझे कागद त्यांच्या टेबलावर होते.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

"मग अर्धं निदान तुम्हीच केलं आहे. फक्त सहा महिने उशिरा वाचलंत."

त्या रागावून बोलल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं.

त्या म्हणाल्या, "हिला न खाण्याचा आजार आहे. ढोंग नाही, हट्ट नाही आणि भक्तीही नाही. जसा ताप हा आजार, तसा हा आजार. यात माणूस जातं. पण परतही येतं." आजाराचं नाव त्यांनी सांगितलं होतं. ते इंग्रजी होतं आणि तेव्हा माझ्या लक्षात राहिलं नाही. माझ्या लक्षात राहिलं ते 'परतही येतं'.

वॉर्डातले दिवस एकसारखे. सकाळी दूध, मग पेज, मग पुन्हा दूध, सगळं थोडं थोडं. घाई करायची नाही अशी सक्त ताकीद होती. उपाशी शरीराला एकदम भरवलं तरी धोका असतो. नर्स शेजारी बसून राहायची. जिवीबाई पितळेच्या डब्यातून तुपाचा शिरा आणायची आणि नर्स तो परत पाठवायची. मग दोघींची जुंपायची. एक अहिराणीत भांडे, एक गुजरातीत, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळे.

शेजारच्या खाटेवर पोटाचं ऑपरेशन झालेली एक म्हातारी होती. तिला खायला बंदी होती. ती रोज रेवाला म्हणायची, "तुला देतात ते तू खात नाहीस, मला हवं ते मला देत नाहीत. बदली करू या का, बेन?" रेवा भिंतीकडे तोंड करायची, पण एकदा तिचे खांदे हसण्याने हललेले मी पाहिले.

मी जमिनीवर चटई टाकून झोपत होते. सुट्टी संपली, बिनपगारी रजा टाकली. नगीन दर आठवड्याला यायचा आणि प्रत्येक वेळी विचारायचा, "आते किती दिन?" मला त्याचा राग यायचा, कारण माझाही प्रश्न तोच होता. खरं सांगते, दोनदा मी स्टेशनपर्यंत जाऊन परत आले. अबोल माणसाच्या उशाशी बसणं फार जड जातं. ज्यांच्यावर ही पाळी आली आहे त्यांना एवढंच सांगेन: थकायला होतं आणि राग येतो. त्याने तुम्ही वाईट ठरत नाही. मधे कोणाला तरी बसवा आणि झोप काढा. मला हे हमीदाबींनी शिकवलं. त्या एक दिवस पॅसेंजरने एकट्या आल्या, मला म्हणाल्या, "उठो, नहाओ, सो जाओ," आणि दोन दिवस माझ्या चटईवर बसून राहिल्या.

त्या गेल्यावर सकाळी मी नर्सच्या हातून दुधाचा पेला घेत होते. मागून आवाज आला.

"ताई, लुगडं उलटं नेसलीस."

महिन्याहून जास्त दिवसांनी ती माझ्याशी बोलली होती. मी खाली पाहिलं. खरंच उलटं होतं.

"कालपासून," ती म्हणाली. "म्हटलं, कोणीतरी सांगेल."

मी पेला तिच्या हातात दिला आणि पडद्यामागे लुगडं नेसायला गेले. तिथे पाच मिनिटं रडले. बाहेर आले तेव्हा पेला अर्धा झाला होता.

उद्यापन

आषाढात नंदुरबारला घरी आलो. निघताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना वेगवेगळ्या अटी घातल्या. रेवाला सांगितलं: उपवास नाही, नेम नाही, आणि कधीही मागून जेवायचं नाही. मला सांगितलं: "तिचे घास मोजू नका. जेवताना शेजारी बसा, दुसऱ्या विषयावर बोला. आणि ती यादी बंद करा."

तिची अट कठीण होती हे सगळ्यांना दिसत होतं. माझीही सोपी नव्हती. ती जेवत असताना मी मुलींच्या खोड्या सांगायची, पावसापाण्याचं बोलायची आणि डोळे जबरदस्तीने दुसरीकडे ठेवायची. काही दिवस चांगले गेले, काही फार वाईट. भाद्रपदात पुन्हा सुरतेला जावं लागलं. मी इथे आणि तिच्या गावीही लोकांना सांगून ठेवलं होतं की तिला "भरलीस" म्हणू नका, "वाळलीस"ही म्हणू नका, तब्येतीवर बोलूच नका. लोक बोललेच. नेम तोडला म्हणून तोंडावर टोमणे मारणाऱ्याही होत्या, आणि त्यांतल्या दोघी दिवाळीला तिच्या पाया पडून गेलेल्या होत्या.

कार्तिकी एकादशी झाली. दुसऱ्या दिवशी रेवा म्हणाली, "ताई, मागच्या वर्षीचं उद्यापन राहिलंय. करायचं?"

मी घाबरले. उद्यापन म्हणजे इतरांना वाढायचं आणि करणारीने शेवटी जेवायचं. पुन्हा तेच.

"कसं करणार?" मी विचारलं.

"बघ तर."

जिवीबाई आणि नगीन गावाहून आले. हमीदाबी आणि त्यांचे मियाँ आले. रेवाने पाट मांडले आणि मधला पाट स्वतःसाठी ठेवला. पान वाढलं: पालेभाजी, डाळ, भात, दही, वाटीत दूध, आणि डाव्या कोपऱ्यात मीठ.

जिवीबाईला राहवलं नाही. "आधी पाव्हनास्ले वाढ ना व. तू मांगेतून..."

"नही, माय," रेवा म्हणाली. "आधी मी."

हमीदाबींनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "जल्दी करो बेन, तुम्हारे चक्कर में हम सबका रोजा हो रहा है."

नगीन हसला. रेवाने चिमूटभर मीठ उचललं आणि भातावर टाकलं. घास तोंडापर्यंत गेला तेव्हा मला माझी अट आठवली. मोजायचं नाही, बघायचं नाही. मी मान वळवली आणि दारातून अंगणात पाहत राहिले.

चांदनी खुंट्याला बांधलेली होती. तिच्या पुढ्यात दोन मुठी पाला होता. आणि ती चांगलीच रोडावली होती.